शोधनिबंधाचं कॉमिक करायला क्रिता कसं आहे?

मोफत आणि मुक्तस्रोत असलेलं क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर या कामासाठी मनापासून सुचवावंसं वाटतं. यातलं कॉमिक्स मॅनेजर पानांचा क्रम सांभाळतं आणि शेवटी सीबीझेड (कॉमिकची पानं एकत्र ठेवणारी फाइल) किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) काढून देतं. छापायचं असेल तर पान सुरुवातीलाच किमान ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) घ्या. मागाहून वाढवलं की रेषा धूसर होतात. संवाद चित्राच्या लेयरवर (थरावर) लिहू नकाच. संशोधकांकडून एखादा आकडा हमखास बदलून येतो, मग अख्खी चौकट पुन्हा रंगवावी लागते. संवादांचे फुगे वेगळ्या व्हेक्टर लेयरवर ठेवा, तिथे आकार आणि मजकूर नंतरही बदलता येतो. भरपूर मजकूर असेल तर अक्षरं इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवणं सोपं. आलेख साधा करताना त्रुटीपट्ट्या (आकड्यातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेषा) मात्र पुसू नका, नाहीतर अंदाजच पक्का निष्कर्ष वाटू लागतो.