अर्धा टनी गिअरबॉक्स जॅक: पावसाळा, थंडी आणि द्राक्षाचा हंगाम पार पडल्यानंतरचा अनुभव

हा टू-पोस्ट लिफ्टखाली (दोन खांबांवर गाडी उचलणारं यंत्र) गिअरबॉक्स उतरवायला-चढवायला वापरायचा उभा, दोन टप्प्यांचा, पायाने पंप मारायचा हायड्रॉलिक जॅक आहे. क्षमता ५०० किलो. पूर्ण खाली असताना उंची साधारण १.१ मीटर, पूर्ण वर गेल्यावर १.९ मीटरच्या आसपास. नाशिकला अंबडच्या गॅरेजमध्ये तो पावसाळ्यापासून द्राक्षाच्या हंगामापर्यंत सतत कामात आहे. काम बहुतेक पिकअपच्या क्लचचं. निफाड-दिंडोरीकडच्या बागांतून भरलेली गाडी ओल्या मातीतून हाफ क्लचवर काढायची, आणि परतीला कसारा घाट चढायचा. क्लच प्लेट जळतात त्या यामुळेच, आणि प्रत्येक प्लेटसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

आधी मुद्द्याचं सांगतो. जॅकवर ५०० किलो लिहिलेलं असतं आणि लहान गाडीचा गिअरबॉक्स ३०-४० किलोचा. त्यामुळे वजनाची भीती कुणालाच वाटत नाही. पण गिअरबॉक्स पडतो तो वजनाने जॅक मोडून नाही, तोल जाऊन. अवघड आकाराची वस्तू, बेल हाउसिंगकडचं (इंजिनला जोडणारं, घंटेच्या आकाराचं) टोक रुंद आणि जड, शेपटीकडचं निमुळतं, आणि हे सगळं दीड मीटरवर एका दांड्याच्या टोकावर. म्हणून या जॅकमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग पंप नसून वरचं सॅडल, म्हणजे गिअरबॉक्स टेकवायची बैठक, आहे. आमच्या सॅडलला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकवायचे दोन स्क्रू आहेत, चार फिरते हात आणि एक साखळी आहे. हात गिअरबॉक्सच्या कडेला टेकेपर्यंत आणायचे आणि साखळी हाउसिंगच्या जाड भागावरून घ्यायची. रिव्हर्स स्विच, वायरिंग किंवा ब्रीदर पाइप साखळीखाली येता कामा नये. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर खालचं पॅन पत्र्याचं असतं, ते सॅडलवर थेट टेकवलं की चेपतं. मध्ये जाड प्लायचा तुकडा ठेवा. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) पुढे घसरू नये म्हणून पट्टी लावून अडवा.

वापरताना लक्षात ठेवायची एक गोष्ट पुस्तिकेत नीट सांगितलेली नाही. आधी जाड रॅम (तेलाच्या दाबाने वर सरकणारा दांडा) वर येतो, मग आतला बारीक. बारीक रॅमचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे पंपाच्या एका स्ट्रोकमधल्या तेवढ्याच तेलात तो जास्त वर सरकतो, आणि तेच वजन पेलायला दाबही जास्त लागतो. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात पेडल जड होतं आणि उडी मोठी होते. गिअरबॉक्स बसवताना मिलिमीटरचा खेळ असतो तो नेमका याच उंचीवर. तिथे पूर्ण पेडल मारू नका, पाव-अर्ध्या स्ट्रोकने चढवा. उंची नेहमी खालून गाठायची. वर जाऊन मग रिलीज (दाब सोडून जॅक खाली आणणारं पेडल) दाबून खाली आणायला गेलं तर हवं त्यापेक्षा जास्त उतरतं, कारण रिलीज इतका बारीक सोडता येत नाही.

उतरवण्याचा क्रम असा ठेवला आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढणे, गिअर ऑइल काढणे (प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढून निघणारा असेल तर मागच्या सीलमधून ते नाहीतरी फरशीवर येतं), फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) पंचाने खूण करून प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) काढणे, मग स्टार्टर, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, लिव्हरची जोडणी आणि वायरिंग. त्यानंतर जॅक गिअरबॉक्सखाली आणून सॅडल फक्त टेकेपर्यंत वर घ्यायचं. इथे मोठा धोका आहे. क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) अजून जागेवर असताना जोरात पंप मारत राहिलं तर हा जॅक गाडीच उचलू लागतो आणि ती लिफ्टच्या पॅडवरून सुटते. सॅडल टेकलं, वजन जेमतेम घेतलं की थांबा. इंजिनच्या मागच्या बाजूला वेगळा आधार द्या, नाहीतर गिअरबॉक्स निघताच इंजिन माउंटिंगवर मागे कलतं आणि होज-पाइपवर ताण येतो.

बेल हाउसिंगचे बोल्ट काढताना समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवायचे. ते काढल्यावर गिअरबॉक्स सरळ मागे सरकवायचा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या हबमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत जॅक एक मिलिमीटरही खाली करू नका. गिअरबॉक्स शाफ्टवर लटकला की प्लेटचा हब वाकतो, आणि बसवताना असं झालं तर नवीन प्लेटही पहिल्या दिवसापासून थरथरते. बसवताना हेच उलट: इंजिन आणि हाउसिंगमधली फट चारी बाजूंनी सारखी दिसेपर्यंत सॅडलचे स्क्रू फिरवा, गिअर टाकून मागचा फ्लँज किंचित फिरवत स्प्लाइन (शाफ्ट आणि हबचे दाते) जुळवा. शेवटचं अंतर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, अॅल्युमिनियमचे कान तुटतात. या कामात हाताची बोटं फटीत घालायची सवय सगळ्यांनाच असते. ती मोडायलाच हवी.

गिअरबॉक्स मोकळा झाला की आधी जॅक पूर्ण खाली, मगच ढकलायचा. साखळी लावलेली असताना लिफ्ट वर-खाली करू नका. लिफ्ट खाली आली तर गाडीचं वजन जॅकवर येतं, आणि जॅक आडव्या जोरासाठी बनलेला नाही. रॅम एकदा किंचित वाकला की सील रोज थोडं थोडं कापलं जातं. गिअरबॉक्स निघाल्यावर गाडीचं संतुलन मागच्या बाजूला सरकतं, हेही लिफ्टचे हात लावतानाच धरून चाला. चाकांखाली एक नट आला तरी जॅक अडखळतो आणि वरचं सगळं डोलतं, त्यामुळे मार्ग झाडून घ्यायचा. मातीच्या किंवा फुटक्या कोब्याच्या शेडमध्ये हा उभा जॅक नेऊच नये. तिथे बुटका ट्रॉली जॅक आणि खाली लोखंडी प्लेट बरी.

आता देखभाल. आमच्या पुस्तिकेत व्हीजी ३२ (आकडा तेलाच्या घट्टपणाचा) हायड्रॉलिक ऑइल सांगितलं आहे आणि तेच घातलं जातं. ६८ नंबरचं तेल वर्कशॉपमध्ये सहज सापडतं, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या आसपास आला की ते घट्ट होतं आणि रिकामा जॅक खाली यायला वेळ लावतो. ब्रेक ऑइल चुकूनही नको. ते ग्लायकॉलचं असतं, नायट्राइल रबराची सीलं फुगून मऊ पडतात आणि मग पूर्ण सील किट बदलावं लागतं. तेल भरताना रॅम पूर्ण खाली असायला हवा. वर असताना भरलं की खाली येताना टाकीत जागा उरत नाही आणि तेल प्लगमधून बाहेर पडतं. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पातळी पुरते. मग रिलीज उघडा ठेवून आठ-दहा पूर्ण स्ट्रोक मारायचे, आतली हवा निघते. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. काळं आणि गढूळ असेल तर सील झिजतं आहे. दोन्ही वेळा नुसतं वरून भरून भागत नाही, सगळं काढून त्याच नंबरच्या नव्या तेलाने एकदा धुवावं.

बिघाड ओळखण्यासाठी पेडल काय करतं ते पाहा. पेडल स्पंजसारखं लागतं: हवा. पेडल जातं पण रॅम हलत नाही: तेल कमी, रिलीज पूर्ण बंद नाही, किंवा सक्शनच्या (टाकीतून तेल ओढणाऱ्या व्हॉल्व्हच्या) गोळीखाली कचरा. वजन असताना पेडल पायाला जोराने वर ढकलतं: दाबाकडचा चेक व्हॉल्व्ह (तेल परत येऊ न देणारा) गळतोय. वर जातो पण वजन घेऊन हळूहळू बसतो: बहुतेक वेळा रिलीजची गोळी नीट बसत नाही, नाहीतर रॅमचं यू-कप सील गेलं. बाहेर तेल दिसत नसेल तर आधी रिलीजच उघडून धुवा, तिथला एक बारीक कण पुरतो. तपासणी सोपी आहे: वजन घेऊन रॅमवर टेपची खूण करा, पंधरा मिनिटांनी बघा. खूण सरकली असेल तर त्या जॅकवर गिअरबॉक्स टांगून खाली कुणी काम करायचं नाही. ओव्हरलोड व्हॉल्व्हचा सीलबंद स्क्रू मात्र कुणीही हलवू नये, क्षमतेची मर्यादा त्यावरच ठरलेली असते.

पावसाळ्यात रॅमच्या क्रोमवर गंजाचे ठिपके येतात आणि तेच ठिपके वाइपर सील (रॅम पुसणारं बाहेरचं सील) खातात. काम संपलं की रॅम पूर्ण खाली, वर राहिलेल्या भागावर तेलाचा पातळ हात. ग्रीस लावू नका, धूळ धरतं. ग्रीस चाकांच्या बेअरिंगला आणि सॅडलच्या स्क्रूंना.

या जॅकबद्दल आमची एकच मोठी तक्रार: रिलीजचं पेडल पंपाच्या पेडलशेजारीच आहे आणि त्याला लॉक नाही. अंधाऱ्या खड्ड्यात किंवा घाईत चुकीचा पाय पडू शकतो. नवीन घेताना दोन पेडलांमध्ये पुरेसं अंतर असलेला किंवा रिलीजला हाताने फिरवायची मूठ असलेला घ्या. सोबत दोन गोष्टी दुकानातच विचारा: सील किट सुटं मिळतं का, आणि चाकं बोल्टने बसवलेली आहेत की वेल्ड केलेली. वेल्ड केलेलं चाक फुटलं की बदलताना सगळा पाया कापावा लागतो.