खडेबाजारातला छोटा सोनी

बेळगावच्या खडेबाजारातून सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू ८३० हा कॅमेरा जुना घेतला. २०.१ मेगापिक्सल, ८ पट ऑप्टिकल झूम (भिंगानं दूरचं जवळ आणणारा), खिशात मावतो. दुकानदारानं चालू-बंद तेवढं दाखवलं. बाकी मीच शिकले.

सगळ्यात महत्त्वाचं शटरचं बटण. ते आधी अर्धंच दाबायचं. पडद्यावर हिरवी चौकट उजळली की फोकस बसला, मग पूर्ण दाबायचं. हे कळायला मला आठवडा गेला, तोवर नातीचे सगळे फोटो धूसर!

किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, खरी परीक्षा झाली. आत अंधार. फ्लॅशनं छतातलं दगडी कमळ सपाट दिसायला लागलं, कोरीवकामाच्या सावल्याच गेल्या. मग फ्लॅश बंद केला, कॅमेरा कट्ट्यावर टेकवला आणि २ सेकंदांचा टायमर लावला. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे हात जरा हलला तरी फोटो बिघडतो. आता प्रत्येक पाकळी सुटी दिसते.

राजहंसगडावर आणखी एक कळलं: ८ पटीच्या पुढं डिजिटल झूम वापरू नका, तो चित्र नुसतं ताणून मोठं करतो, म्हणून ते फुटतं. व्हिडिओ बरा. शिकायला हा कॅमेरा मला फार आवडला.