वजन बरोबर, मॅग्नेटला चिकटत नाही, तरी नाणं खोटं निघालं (ऑनलाइन ऑक्शनवाल्यांनी वाचाच)

नाणी जमवायला लागून मला बरीच वर्षं झालीत, त्यामुळे खोटं नाणं आपल्याला फोटोतच कळतं असा एक विश्वास होता. तो पार मोडला. सविस्तर लिहितोय कारण ज्या दोन टेस्ट सगळेजण सांगतात, वजन करा आणि मॅग्नेट लावा, त्या दोन्ही या नाण्यानं पास केल्या.

नाणं होतं १८८९ चा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं), तिथल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीतला, म्हणजे मागच्या बाजूला गरुडाखालच्या पानांच्या माळेखाली सीसी असा मिंटमार्क (टांकसाळीची खूण) असलेला. त्या वर्षी तिथे साडेतीन लाखच पाडले गेले, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाला दोन कोटींच्या वर, म्हणजे फरक फक्त त्या दोन बारीक अक्षरांचा पण किमतीत जमीनअस्मानाचा फरक. खोटं करणाऱ्यांचं लक्ष असल्याच नाण्यांवर असतं.

सेलरनं लिहिलं होतं, आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं काही कळत नाही, आहे तसं विकतोय, रिटर्न नाही. फोटो तीनच, तेही तिरके आणि धुरकट, मिंटमार्क एकाच फोटोत आणि तोही चमकीत गेलेला. फीडबॅक शंभर टक्के. पण ते फीडबॅक कशाचे आहेत हे मी नंतर उघडून बघितलं, सगळे किरकोळ वस्तूंचे आणि सगळे काही आठवड्यांतले, जुनं नाणं एकसुद्धा नाही. बिड मला लागली आणि लगेच मेसेज आला की साइटचं कमिशन वाचवू, पैसे डायरेक्ट ट्रान्सफर करा, थोडे कमी घेतो. मी केले. इथेच घात झाला कारण साइटच्या बाहेर पैसे दिले की साइटचं बायर प्रोटेक्शन संपलं, नंतर कितीही तक्रार करा.

नाणं आलं. वजन २६.७ ग्रॅम, मॉर्गनचं खरं वजन २६.७३, म्हणजे एकदम बरोबर. मॅग्नेटला चिकटलं नाही. (तांबं आणि पितळही मॅग्नेटला चिकटत नाही, त्यामुळे ही टेस्ट फक्त लोखंडासारखा चिकटणारा माल पकडते, बाकी काही नाही.) दोन दिवस मी खूश होतो. मग माझ्याकडच्या साध्या १९२१ च्या मॉर्गनशेजारी ठेवलं तर हे जरा जाड वाटलं, आणि तिथून मनात जे सुरू झालं ते थांबेना.

मग पाण्याची टेस्ट केली, ही सगळ्यांनी शिकून घ्या, काही महाग सामान लागत नाही. डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्य करायचा, नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं पण तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. १९२१ च्या नाण्याला आकडा आला २.६, भागाकार १०.३ च्या आसपास, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असेल तर एवढाच यायला पाहिजे. या नाण्याला आला ३.१, म्हणजे भागाकार ८.६, चांदीच्या कितीतरी खाली. तीनदा केलं, दोरा बदलून केलं, तोच आकडा. हलक्या धातूचं नाणं जाड करून वजन बरोबर बसवलेलं, वरून चांदीचा मुलामा. त्या आकड्याकडे बघताना हातपाय गार पडले होते खरंच.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नाण्यावर लिबर्टी म्हणून जो बाईचा चेहरा असतो त्याच्या गालावर, डोळ्याखाली, चंद्रकोरीसारखा एक बारीक व्रण होता. मला तो खरेपणाची खूण वाटला होता, पिशव्यांत नाणी एकमेकांवर आपटून असे व्रण पडतातच. नंतर जुन्या ऑक्शनचे फोटो चाळताना दुसऱ्या सेलरच्या १८८९ सीसीवर तोच व्रण, त्याच जागी, त्याच आकाराचा. दोन नाण्यांना अगदी एकसारखी इजा कशी होईल? होते, जेव्हा एका खऱ्या नाण्यावरून डाय (नाणं छापायचा ठसा) बनवतात, मग त्या नाण्याचे ओरखडे डायमध्ये जातात आणि प्रत्येक खोट्या नाण्यावर छापले जातात. भिंगातून बघितलं तर अजून एक कळलं, खरा व्रण पडतो तिथली झळाळी तुटते, इथे झळाळी व्रणाच्या आतपर्यंत सलग होती, कारण तो नंतर पडलेलाच नाही, नाण्याबरोबरच जन्माला आलेला.

म्हणून बिड लावायच्या आधी त्याच वर्षाच्या, त्याच टांकसाळीच्या जुन्या विक्रीचे फोटो शेजारी ठेवून व्रण जुळतात का बघा, आणि ते कॉम्बिनेशन अस्तित्वात तरी आहे का तेही बघा, १८८६ ते १८८८ या वर्षांत कार्सन सिटीत मॉर्गन पाडलेच नाहीत. पाण्याची टेस्टही सगळं पकडत नाही हे लक्षात ठेवा, फिलाडेल्फियाच्या खऱ्या चांदीच्या नाण्यावर सीसी चिकटवलेलं असेल तर भागाकार बरोबरच येणार, तिथे भिंगानं अक्षरांच्या बुडाशी जोड दिसतो का ते शोधायचं. प्लॅस्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये (नाणं तपासणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या डबीत) आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका, स्लॅबसुद्धा खोटे बनतात आणि त्यावर खऱ्या नाण्याचा सर्टिफिकेट नंबर छापतात, त्यामुळे ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर नंबर टाकून नुसता नंबर आहे का एवढंच नाही तर तिथला फोटो आपल्याच नाण्याचा आहे का हे बघायचं.

पैसे परत मिळाले नाहीत, त्या सेलरचं अकाउंट आठवड्यात बंद झालं. काल रात्री दुसऱ्याच नावानं एक १८८९ सीसी लिस्ट झालाय, फोटो तसेच धुरकट, आणि गालावर डोळ्याखाली चंद्रकोर. मी रिपोर्ट केलंय, पण हे लिहीपर्यंत लिस्टिंग चालूच आहे आणि अकरा बिड लागल्यात.