संधिवाताच्या हातासाठी काय घ्यावं: ग्रिपर, बॉल, पुटी की घरची कणीक?

काही विकत घेण्याआधी आपला त्रास कोणता ते डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. आमवातात बोटांच्या मुळांचे सांधे सुजतात आणि सकाळी अर्धा-पाऊण तास मूठच मिटत नाही. झिजेच्या संधिवातात बोटांच्या टोकांकडचे सांधे किंवा अंगठ्याचं बूड दुखतं. दोन्हींत व्यायाम चालतो. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा मात्र ताकदीचा कुठलाही व्यायाम नको. बोटं नुसती हळू उघडा-मिटा.

स्प्रिंगचा ग्रिपर जळगाव-धुळ्यात कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो, स्वस्तही पडतो, म्हणून पोरं आई-वडिलांना तोच आणून देतात. आमच्या मते संधिवातासाठी तो घेऊच नये. मूठ मिटत येते तसा स्प्रिंगचा जोर वाढत जातो, म्हणजे सांधा सगळ्यात वाकलेला असतानाच सगळ्यात जास्त भार. कडक दांडा बोटांना टोचतो ते वेगळंच. आमवातात बोटं आधीच करंगळीकडे झुकत असतील, तर अशी जोरकस मूठ त्यांना आणखी तिकडेच ओढते.

स्पंजचा बॉल बरा. सुरुवातीला चांगला, पण दोन-चार आठवड्यांत हाताला सोपा होतो आणि पुढची पायरी उरत नाही. खूप लहान बॉल घेऊ नका. मूठ पूर्ण आवळावी लागते.

पुटी, म्हणजे फिजिओथेरपीवाले देतात तो सिलिकॉनचा गोळा, ही आमची पहिली पसंती. मऊ ते कडक अशा रंगांत मिळते: बहुतेक कंपन्यांची पिवळी मऊ, मग लाल, हिरवी, निळी. पिवळ्यापासूनच सुरुवात करा. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात शेकून घ्या, गोळा 3 ते 5 सेकंद दाबा, सोडा. असं 8-10 वेळा, एक दिवसाआड. शून्य ते दहाच्या मापात जोर तीन-चार वाटावा. महिन्याभरात पाच-सहापर्यंत न्या. खानदेशच्या उन्हाळ्यात एक अडचण येते: मे महिन्यात पुटी पातळ होते, कपड्याला चिकटते आणि जोरही कमी लागतो. डबी माठाशेजारी ठेवा, व्यायाम सकाळचा आखडलेपणा गेल्यावर लगेच उरका.

कणीक फुकटची. 200 ग्रॅम गव्हाच्या पिठात 100-110 मिली पाणी, वीस मिनिटं झाकून ठेवा. खापरावरचे मांडे (पुरणपोळ्या) करायला भिजवतात ती सैल कणीक यासाठी कामाची नाही. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ ताणलं की तुटतं, आणि भाकरी थापताना तळहात चालतो, मूठ नाही. तो व्यायाम धरू नका. कणकेची खोट एवढीच की रोजचं पाणी कमी-जास्त झालं की प्रगती कळत नाही.

अंगठ्याचं बूड दुखत असेल तर चिमटीने दाबू नका. चिमटीत 1 किलो जोर लावला की त्या सांध्यावर सुमारे 12 पट भार येतो. त्याऐवजी तर्जनीला रबरबँड अडकवून तिला अंगठ्याच्या दिशेने ताणा. त्या बुडाला आधार देणारा स्नायू त्यानेच बळकट होतो. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला जाणाऱ्यांनी चिमटीचा व्यायाम तेवढे दिवस बंदच ठेवावा. बोंडातला कापूस ओढताना चिमटी पुरेशी राबते.

व्यायामानंतर दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर पुढच्या वेळी निम्म्या वेळाच दाबा. फरक आठ दिवसांत दिसत नाही. आमवाताच्या 490 रुग्णांवरच्या, 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत हाताच्या व्यायामाचा कार्यक्रम 12 आठवड्यांचा होता आणि हात वापरण्यातला फायदा वर्षानंतरही दिसला.

ताकद मोजायला घरचं काटेवालं बीपी मशीन पुरतं. कफ दंडाला न बांधता त्याची गुंडाळी करा, 20 पर्यंत हवा भरा, कोपर काटकोनात ठेवून ती मुठीत दाबा, काटा कुठवर गेला ते लिहा. तीन वेळा मोजून सरासरी काढा, आणि वेळ दर खेपेला तीच ठेवा. आमवातात सकाळची मूठ दुपारपेक्षा कमजोरच असते. बॅटरीवरचं डिजिटल मशीन यासाठी चालत नाही.