बेसच्या ‘व्हॉल्व्ह डिस्टॉर्शन’साठी मी दिलेले ४०,५०० रुपये

गेल्या मार्चमध्ये माझी ४०,५०० रुपयांची फसवणूक झाली. आमच्या बँडच्या पाच गाण्यांतील बेस गिटार खऱ्या व्हॉल्व्ह अँपमधून (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँप्लिफायरमधून) वाजवून, माइक लावून, पुन्हा ध्वनिमुद्रित करून देतो, असे सांगून एका माणसाने ही रक्कम घेतली आणि तेच ट्रॅक अँपची नक्कल करणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरमधून, म्हणजे प्लगइनमधून, काढून मला परत पाठवले. मी १४ वर्षे बेस वाजवतो आहे, त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहितो, कारण अशा पुन्हा ध्वनिमुद्रणाच्या, म्हणजे री-अँपिंगच्या, नावाखाली चाललेला हा प्रकार ओळखता येण्याजोगा होता आणि मी तो ओळखला नाही.

मी आळस केला, असे कोणी समजू नये. घरी डीआयमधून, म्हणजे अँप आणि माइकशिवाय थेट, मुद्रित केलेला स्वच्छ बेस दोन गिटारींच्या मध्ये हरवून जात होता. बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि मोबाइलच्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज मुद्दाम फाडल्यामुळे, ८२, १२३, १६४ हर्ट्झ असे वरचे सूर ठळक होतात आणि त्यांच्यावरून कान मूळ सूर ओळखतो. मात्र संपूर्ण ट्रॅकच फाडला तर खालचा भार निघून जातो, म्हणून एक स्वच्छ ट्रॅक तळासाठी आणि दुसरा फाटलेला ट्रॅक वरच्या भागासाठी असे दोन ट्रॅक एकत्र ठेवावे लागतात. हे सर्व मला येत होते. मला हवी होती ती मोठ्या स्पीकर-कॅबिनेटसमोर हलणारी हवा, आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीत ३०० वॅटचा अँप मोठ्याने वाजवणे शक्यच नव्हते.

त्याने गाण्यामागे ६,५०० रुपये सांगितले, म्हणजे पाच गाण्यांचे ३२,५००. त्यांपैकी १६,२५० रुपये मी यूपीआयने आगाऊ दिले. आपल्याकडे अँपेग एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अँप आणि दहा इंची आठ स्पीकरचे कॅबिनेट आहे, असे सांगून त्याने एक छायाचित्र आणि चाळीस सेकंदांचा नमुना पाठवला. नमुना उत्कृष्ट होता. तो कोणाचा होता, हे मी विचारले नाही. सहाव्या दिवशी रात्री त्याचा निरोप आला, “सर, चारही पॉवर व्हॉल्व्ह गेले, ८,००० रुपये पाठवलेत तर उद्याच काम पूर्ण करतो.” एसव्हीटीला पॉवर व्हॉल्व्ह सहा असतात. हे मला माहीत होते, तरीही मी ८,००० रुपये पाठवले, कारण गाणी प्रसिद्ध करण्याची तारीख आम्ही जाहीर केली होती आणि मिक्स करणारा मित्र माझ्याच ट्रॅकसाठी थांबला होता. व्हॉल्व्ह, सर्व्हिसिंग, कुरियर अशा कोणत्याही कारणासाठी मध्येच वाढीव रक्कम मागितली गेली, तर त्याच क्षणी काम थांबवा.

आता ज्या क्षणाचा मला आजही संताप येतो, तो सांगतो. दुसऱ्या गाण्यात आठ मात्रांचा असा एक तुकडा आहे की तिथे बेस पूर्ण थांबतो. पाठवण्यापूर्वी ती जागा मी कापून कोरी केली होती. परत आलेला ट्रॅक मी ऐकत होतो, तो तुकडा आला आणि आवाजाची पातळी दाखवणारा मीटर थेट तळाला गेला. तिथे ना अँपची घरघर होती, ना व्हॉल्व्हची सळसळ, ना खोलीचा श्वास. डिस्टॉर्शनवर चढवलेला ३०० वॅटचा अँप असा मुका राहूच शकत नाही. मी ते ऐकले, डोळ्यांनी पाहिले आणि मनात म्हणालो की किती स्वच्छ स्टुडिओ आहे! त्यानंतर दहा मिनिटांत उरलेले १६,२५० रुपये मी पाठवून दिले. ती दहा मिनिटे मला परत मिळाली, तर दुसरे काहीही नको. परत आलेल्या ट्रॅकमधील शांत जागा सर्वांत आधी ऐका, आणि त्या ऐकेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

एकोणीस दिवसांनी मिक्स करणाऱ्या मित्राने विचारले की हा ट्रॅक मूळ डीआयशी इतका तंतोतंत कसा जुळतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असला तरी ४८ किलोहर्ट्झच्या ट्रॅकमध्ये (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या नोंदी) सुमारे ४२ सॅम्पलचा उशीर दिसायला हवा. इथे तो शून्य होता. मी फोन केला, तेव्हा “सर, मी हाताने जुळवून दिले,” असे त्याने सांगितले. मग आम्ही माझा मूळ डीआय एकेका फुकट प्लगइनमधून काढू लागलो. तिसऱ्या प्लगइनच्या पहिल्याच प्रीसेटवर (तयार सेटिंगवर), कोणतेही बटण न हलवता, आमचा ट्रॅक उलट्या फेजमध्ये, म्हणजे ध्वनिलहर उलटी करून, त्याच्या ट्रॅकवर ठेवला आणि पूर्ण शांतता झाली, म्हणजे दोन्ही ट्रॅक हुबेहूब एकच होते. पाचही गाण्यांचा निकाल तोच निघाला. त्यानंतर त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे जाऊन बरेच दिवस झाल्यामुळे ते गोठवणे कठीण आहे, असे उत्तर मिळाले. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार अधिकृत आहे, आणि खातेदाराचा पत्ता पोलिसांच्या पत्राशिवाय देता येणार नाही. पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. पहिल्या दिवशी संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते. दुसऱ्या दिवशी “अहो, फाइल मिळाली ना? मग हा दिवाणी वाद आहे,” असे ऐकावे लागले. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही ट्रॅक लॅपटॉपवर ऐकवले, शून्यावर येणारा मीटर दाखवला, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी मान हलवून विचारले, “आवाज खरखरीत झाला आहे की, तुम्हाला तोच हवा होता ना?” खोटी वस्तू खरी म्हणून विकणे ही फसवणूक आहे, मग ती वस्तू कानाने ऐकण्याची का असेना, हे मी त्यांना कितीही सांगितले तरी अर्जावर पोच देण्यापलीकडे काही झाले नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता बँकेकडे आहे, बँकेला पोलिसांचे पत्र हवे आहे आणि पोलिसांना हा गुन्हाच वाटत नाही. चार महिने मी या तीन दारांमध्ये फिरतो आहे.

तुम्हाला बाहेरून री-अँपिंग करून घ्यायचेच असेल, तर डीआयच्या सुरुवातीला एक तीक्ष्ण टिचकी ठेवा. खऱ्या माइकमधून ती थोडी उशिरा आणि मागे खोलीची शेपटी घेऊन येते. अँप चालू असताना तुमचेच गाणे वाजत असल्याचा व्हिडिओ मागा, छायाचित्रावर समाधान मानू नका. एका गाण्याचेच काम द्या. पत्ता असलेले बिल घ्या, कारण माझी तक्रार आज त्याच एका कागदावाचून अडली आहे.

आमच्या ड्रमरने या खर्चात ९,००० रुपये घातले होते. ते मी त्याला परत केले आहेत. गाणी अजून प्रसिद्ध झालेली नाहीत; दोन ट्रॅकचा बेस मी घरीच पुन्हा बसवतो आहे.