तक्तपोशीतला भुंगा

गुहागरच्या घराची ओटी आणि माजघर नीट करून घेतलं. दिव्यांचं काम केलेल्या माणसाचं नाव लिहीत नाही, पण त्याने आमच्याच वाडीत आणखी दोन घरं धरलीत म्हणून हे लिहितोय.

१२ व्होल्टचे, ५० वॅटचे चार हॅलोजन, तक्तपोशीवर ट्रान्सफॉर्मर, भिंतीवर डिमर. "काका, अस्सल तांब्याचं वायंडिंग, २५० व्हीएचा माल," म्हणत ट्रान्सफॉर्मरचेच साडेसहा हजार लावले. (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती भार पेलतो त्याचं माप, ढोबळमानाने वॅटच.) पूर्ण उजेडावर चालू करून दाखवलं. आवाज नाही. पैसे दिले.

रात्री जेवणं आटोपून डिमर अर्ध्यावर आणला, तर वर भुंगा कोंडल्यासारखी घूंऽऽ सुरू. ही म्हणाली, समुद्राची गाज असेल. गाज बटणाने बंद होते होय?

फोनवर उत्तर तयार होतं : "इकडचं व्होल्टेजच तसलं, स्टॅबिलायझर लावा." तोही मी त्याच्याकडूनच घेतला, ४,५०० ला. अक्कल माझीच. घूं तशीच.

शेवटी वायरमनचं काम करणारा पुतण्या आला. मीटरवर व्होल्टेज २२९, म्हणजे ठणठणीत. त्याने ट्रान्सफॉर्मर खाली उतरवला. वरचा स्टिकर नखाने उचकटला, तर खाली १५० व्हीए. त्यावर २०० वॅटचे दिवे! तारेवर ब्लेड घासलं, तांबूस वार्निश निघालं आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. गाभ्याच्या पट्ट्या बोटाने हलत होत्या.

५० हर्ट्झच्या विजेवर लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा ताणतो-आकसतो, त्यामुळे बारीक गुणगुण चांगल्या मालालाही असते. पण साधा डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा पुढचा भाग कापतो. अर्ध्यावर ठेवला की वीज नेमकी लाटेच्या माथ्यावर झटक्याने सुरू होते, आणि तिथेच आवाज सगळ्यात जास्त. पूर्ण उजेडावर कापणं जवळजवळ नाहीच. दिवेवाल्याने पूर्ण उजेडावरच का दाखवलं, ते आता कळलं. त्यात ट्रान्सफॉर्मर थेट फळीला स्क्रूने ठोकलेला, म्हणजे तक्तपोशीचाच तबला. तुमच्याकडे असं काम झालं तर पैसे मोजण्याआधी डिमर अर्ध्यावर ठेवून, पंखा बंद करून दहा मिनिटं बसा.

आता ३०० व्हीएचा, खरा तांब्याचा टोरॉइडल (गोल कड्यासारख्या गाभ्याचा) बसवलाय, खाली रबर. कान लावला तरच ऐकू येतो.

जुना घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने माझंच बिल पुढे सरकवलं. त्यावर एकच ओळ : 'लाईटकाम, एकूण'.

"काका, तांबं असं मी लिहिलंय कुठे?"