जुनी फ्रेंच शॅम्पेन बादली: कान तुटल्यावर लिहिलेला अनुभव

कान तुटला तेव्हा बादली भरलेली होती. बाटली, बर्फ, पाणी मिळून पाच-सहा किलोंचा भार, आणि डावा कान डाखासकट, म्हणजे धातूच्या सांध्यासकट, निखळून हातात आला. बाटली वाचली, गालिचा भिजला.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं, कान जोडताना मुलामा जळणार, म्हणजे सगळ्या बादलीला नव्याने चांदी चढवावी लागेल. रक्कम बादलीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त! मी साफ नकार दिला. मूळ जोड कथलाच्या डाखाचा होता. तो कमी आचेवर बसतो, बाकीच्या मुलाम्याला धक्का लागत नाही. दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने तेच काम थोडक्या पैशांत, माझ्यासमोर करून दिलं.

बादली फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहराच्या जुन्या बाजारातली, पितळेवर चांदीचा मुलामा. बुडाशी चौकोनी ठसा आहे, म्हणजे मुलाम्याचा माल. भरीव फ्रेंच चांदीवर कारागिराचा ठसा शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो आणि १८३८ नंतरच्या मालावर सोबत मिनर्व्हा या रोमन देवीचं मस्तक. १८४२ मध्ये क्रिस्तोफ्ल या फ्रेंच भांडी-दागिने कंपनीने विजेने मुलामा देण्याचे हक्क घेतले, त्यानंतर असली भांडी मध्यमवर्गाच्या टेबलावर आली.

आता माझी खरी तक्रार: घाम. भिंत एकेरी पत्र्याची, त्यामुळे बर्फ घातल्यावर जरा वेळात बाहेरून पाण्याचे थेंब धरतात, ओघळतात आणि बुडाच्या कड्याखाली साचतात. आमच्या अक्रोडाच्या टेबलावर पांढरं वर्तुळ उमटलं, ते मेण घासूनही पुरतं गेलेलं नाही. उन्हाळ्यात, हवा दमट असली की खाली ठेवलेली ताटलीसुद्धा भरून वाहते. हॉटेलात बादली स्टँडवर ठेवून वर रुमाल टाकतात, त्याचं कारण मला आता नीट कळतं. मी आईच्या जुन्या सुती साडीची चार पदरी घडी खाली ठेवते. कागदी नॅपकिनचा लगदा होतो, रबरी चटईवरून पाणी घसरतं. सुती कापडाला तोड नाही.

बर्फ भराभर वितळतो, हाही मी आधी दोषच धरला होता. ते मत बदललं. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली जेमतेम गार होते. अर्धा बर्फ, अर्धं पाणी घातलं तर साधारण अर्ध्या तासात बाटली आठ-दहा अंशांवर येते. रँसच्या खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरांत तापमान दहा-बारा अंश असतं, त्यामुळे तिथून आलेल्या बाटलीला फार थांबावंही लागत नाही. फ्रिजच्या चार-पाच अंशांत मात्र वास दबतो. किमान पंधरा महिने जपून मुरवलेल्या वाइनचा वासच घालवायचा, हे मला बघवत नाही.

एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन आजच्यापेक्षा कितीतरी गोड असायची, रशियाला जाणारी तर फारच, आणि गोड वाइन खूप गार करूनच चांगली लागते. रँसच्या शॅम्पेन घराण्याच्या मादाम पॉमरींनी १८७४ ची कोरडी ब्रूत, म्हणजे अगदी कमी गोड शॅम्पेन, काढली, तेव्हापासून चव हळूहळू बदलली. बादली मात्र हटली नाही, कारण बाटलीतला दाब, बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट. कोमट बाटली उघडली की अर्धा फेस टेबलावर.

बादली बुटकी आहे, त्यामुळे बाटलीची मान बाहेर राहते आणि पहिला ग्लास किंचित कोमट येतो. उघडण्याआधी मी बाटली बादलीत दोन-तीनदा हलकेच फिरवते, तेवढ्याने भागतं. बर्फात मीठ घालू नका, मुलाम्यावर खड्डे पडतात. चिंचेने किंवा पावडरीने घासूही नका. मऊ कापड पुरे, नाहीतर कडांना पितळ दिसू लागतं, माझ्या बादलीला ते दिसतंच आहे.

दुहेरी भिंतीच्या नव्या स्टीलच्या बादलीला घाम येत नाही, तरी मी ही बदलणार नाही. घ्यायला गेलात तर दोन्ही कान जोर लावून हलवून बघा. एक जरी हलला तर डाखाचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. जुन्या बाजारातले विक्रेते बहुतेक वेळा ऐकतात.